आंबीचा ठोकळा

अल्लाउद्दीन मिस्त्रीनं हात पुसले, मला मोटारीपासून चार पावलं बाजूला नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ब्लॉक गेला."

बाजूला नेणं, आवाज उतरवणं, हात पुसत पुसत बोलणं, हे सगळं मी लोणावळ्यात अकरा वर्षं दुसऱ्यांच्या बाबतीत करत आलो होतो. तेच आपल्यावर कुणी केलं म्हणजे कसं वाटतं हे मला शेहेचाळीस सालच्या फाल्गुनात कळलं. मग मीही, नातेवाईक विचारतात तेच विचारलं. "काहीच करता येणार नाही का?"

"करता येईल की," मिस्त्री म्हणाला. "पन मी उगाच आशा लावनार न्हाई."

ज्या सुखी माणसांकडे मोटार नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. बिडाचा एक ओतीव ठोकळा असतो, त्यात ओळीनं चार मोठी गोल भोकं, त्या भोकांतून दट्टे वरखाली होतात आणि भोवतालच्या पोकळीत पाणी खेळतं. ते पाणी संपलं की इंजिन तापतं. खोपोलीहून एक रोगी बघून परत येताना घाटात आमचं तसंच झालं. शेजारी आमचे शेजारीच बसले होते. रखमाजी शेलार, रेल्वेतले पेन्शनर गार्ड. ते म्हणाले, "डॉक्टर, पाणी ओता. आमच्या इंजिनाला आम्ही हेच करायचो." मी खाली उतरलो, झऱ्याचं बर्फासारखं पाणी डब्यात भरून आणलं आणि ओतलं. आतून कुणीतरी सावकाश बोट मोडावं तसा आवाज आला. तीच भेग.

पुढे आठ महिने शेलार भेटेल त्याला सांगत होते, "मी पाणी ओता म्हणालो. गार पाणी ओता असं म्हणालो नव्हतो."

मोटार काही शौकाची नव्हती. अठ्ठावीस सालचं मॉडेल, तिसऱ्या हाताचं, टपाला तीन ठिगळं. पण आंदर मावळातला माणूस मला बोलवायला पहाटे निघाला तर दुपारी पोचतो. मग मी रेल्वेनं कामशेतला जाणार आणि तिथून पुढे पाच तास चालणार. माघात असाच एका घटसर्पाच्या पोराकडे गेलो होतो. पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली दिसली, आणि मी बॅग उघडलीच नाही. मोटार त्यानंतर घेतली. ती महिनाभरही टिकली नाही.

तर अल्लाउद्दीननं इंजिन सोडलं. त्याच्या गॅरेजात जागा नव्हती म्हणून ते माझ्या दवाखान्याच्या ओसरीवर आणून सोडलं. मागची गादी रोग्यांना बसायला झाली, आणि बरे झालेले लोकही पुन्हा यायला लागले. वाल्व आमच्या सौ.नं, म्हणजे कमळानं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत रॉकेल घालून ठेवले आणि बरणीवर चिठ्ठी लावली, 'खाण्याचे नाही'. हे बघणारा प्रत्येक माणूस आधी ब्लॉकची विचारपूस करायचा आणि मग स्वतःच्या तापाकडे वळायचा. पोस्टमास्तरांचं मत पडलं की तो पितळेनं सांधावा. किराणा दुकानदाराचं मत, तो विकून सायकल घ्यावी. शेलारांचं मत रोज बदलायचं. मी बाहेरून आलो की ओसरीवर माझ्याच इंजिनावर माझ्याशिवाय सभा भरलेली असे, आणि मी दारात उभा राहिलो की कुणीतरी म्हणे, "या डॉक्टर, बसा."

मिस्त्रीला मी निक्षून विचारलं, "सांधायचा की बदलायचा?"

"बिडाला सांधा धरतो," तो म्हणाला, "पन तुमी आंदर मावळात जानार. तितं सांधा सुटला तर गाडी आनायला मी येनार न्हाई. दुसरा ब्लॉक बघू. सुदुंबऱ्याला एक हाय म्हनतात."

सुदुंबऱ्याच्या दत्तोबा गाडेंनी कुठल्याशा मोडक्या मोटारीचं इंजिन विकत घेऊन विहिरीवर बसवलं होतं. त्यावर त्यांची वांगी पिकत होती. आमच्याच मॉडेलचं, शिवाय चालू इंजिन. मी आणि मिस्त्री रेल्वेनं तळेगावला उतरलो आणि पुढे टांगा आणि पाय अशी मजल करत ऐन चैत्राच्या उन्हात सुदुंबऱ्याला पोचलो. दत्तोबा साठीचे, पागोटं जागच्या जागी, गुडघे मात्र गेलेले. मी दोन्ही गुडघे तपासले, मलम लिहून दिलं, मग इंजिनाचा विषय काढला.

"घ्या की," दत्तोबा म्हणाले. "मला आता नवं तेलावरचं इंजिन येनारच हाय. पर ह्याच्यासारखं इंजिन न्हाई बघा. दहा वाजंपतूर बंद पडत न्हाई."

"आणि दहानंतर?"

"दहानंतर कुनाला पानी लागतंय?"

मिस्त्रीनं इंजिनाभोवती एक फेरी मारली, खिशातून तारेचा चष्मा काढून नाकावर चढवला आणि बाजूच्या काळ्या पुटावर नखानं खरवडलं. नखाखालून भुसा निघाला. मग तो माझ्याकडे वळला, आणि पुन्हा मला चार पावलं बाजूला घेऊन गेला. आता मला ती पावलं ओळखीची झाली होती.

"नवसागर आनि लोखंडाचा कीस घालून लिंपलंय," तो म्हणाला. "खाली भेग हाय. आपल्या भेगेची थोरली बहीन."

दत्तोबांना ऐकू आलं होतं. ते रागावले नाहीत. "भेग तर हायच," ते म्हणाले. "मला वाटलं तुमाला ठावं असंल. चांगला ठोकळा पायजे असंल तर आंबीला जा. माझी मेव्हनी धोंडाबाई हाय तितं. तिच्याकडं ह्याचाच जुळा हाय. ठेकेदाराची मोटार पुलाखाली पडलीती, त्याच्यातला. पर त्यो रिकामा न्हाई."

"रिकामा नाही म्हणजे?"

"भरल्याला हाय," दत्तोबा म्हणाले, आणि यापलीकडे त्यांना सांगण्यासारखं काही वाटेना.

आंबीला आम्ही पुढच्या रविवारी गेलो. धोंडाबाईंचं घर नदीच्या अंगाला होतं. बाई पन्नाशीच्या, काटक, कपाळावर मोठं गोंदण. त्यांनी आम्हाला माजघरात नेलं. कोपऱ्यात, शेणानं सारवलेल्या ओट्यावर, तळाशी मातीनं पक्का लिंपून, ब्लॉक उभा होता. चारही भोकांवर घट्ट बसतील अशी लाकडी बुचं होती. त्यांनी पहिलं बूच काढलं. आत मूग. दुसऱ्यात उडीद, तिसऱ्यात तीळ, चौथ्यात तूर, आणि सगळ्यांत राख मिसळलेली.

"कनगीतलं बियानं उंदीर खातो," त्या म्हणाल्या. "ह्याला दात लागत न्हाई. सहा वर्सं झाली, एक दाना गेला न्हाई माझा."

मिस्त्रीनं परवानगी घेऊन तिळात बोट घातलं आणि भोकाच्या भिंतीवरून फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी यापूर्वी फक्त पहिलटकरणीच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. राखेनं ओल धरली नव्हती, गंजाचा ठिपका नव्हता. "आरसा हाय," तो पुटपुटला.

मी किंमत विचारली. धोंडाबाईंनी मान हलवली. मी चांगली किंमत देऊ केली. त्यांनी तशीच मान हलवली. "पैशात काय घालून ठिवू बियानं?" त्या म्हणाल्या, आणि हा प्रश्न मला आजवर सुटलेला नाही.

सुटका मिस्त्रीनं केली. "मावशी, आमच्याकडं ह्याच्यासारकाच एक हाय. भेग बाहेरच्या अंगाला हाय, पान्याच्या पोकळीत. भोकं शाबूत हायेत. तो तुमाला ठिवा, हा आमाला द्या."

बाईंनी बुचं पुन्हा जागच्या जागी बसवली. "आधी तुमचा आना. बियानं त्याच्यात ओतीन. मंग ह्यो न्या."

अशा रीतीनं माझं इंजिन आंबीला बियाणं ठेवायला गेलं, आणि आंबीचं बियाण्याचं भांडं माझं इंजिन झालं. वैशाखात बैलगाडीनं दोन खेपा झाल्या. मिस्त्रीनं महिनाभर खपून सगळं बसवलं, वाल्व बरणीतून बाहेर आले, आणि ज्येष्ठाच्या अखेरीला मोटार आमच्या दारात सुरू झाली. शेलारांनी सवयीनं हिरवं निशाण दाखवल्यासारखा हात केला. सायलेन्सरमधून पहिल्या धुराबरोबर पाच-सहा तीळ बाहेर पडले असं कमळा सांगते. मिस्त्रीला हे मान्य नाही.

आता मोटार चालवायची एवढंच उरलं होतं. इथपर्यंत मी हसतमुख होतो.

मोटारीची ओळख सरकारदरबारी इंजिनाच्या नंबरावरून होते आणि नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला म्हणजे सरकारच्या दृष्टीनं माझी मोटार नाहीशी झाली होती आणि भलतीच मोटार माझ्या दारात उभी होती. भलत्या मोटारीला पेट्रोलची कुपनं मिळत नाहीत. मी पुण्याच्या कचेरीत अर्ज केला. कचेरीनं मोहोळकर नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला पाठवले. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा कोट, बोलणं मोजकं. त्यांनी वाकून ब्लॉकवरचा नंबर पाहिला, वहीत लिहिला, चहा नाकारला आणि ते गेले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अर्जातला नंबर आणि तपासणीतला नंबर जुळत नाही, खुलासा करावा. मी दारात मोटारीपाशी जाऊन नंबर पुन्हा पाहिला. माझा बरोबर होता. मी खुलासा केला. पुन्हा पत्र आलं, तेच. मी तोच नंबर मोठ्या अक्षरात लिहून पाठवला. मग कचेरीनं जाबच विचारला की, जुना ब्लॉक कुठे आहे, आणि तो नष्ट केल्याचा पुरावा काय. मी लिहिलं की नष्ट केलेला नाही, आंबी येथे वापरात आहे. हे वाक्य लिहिल्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला. वापरात असलेलं इंजिन दुसऱ्या कुठल्या वाहनात आहे, त्या वाहनाचा मालक कोण आणि त्याचा परवाना कुठे, असं तीन कलमी पत्र आलं. आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपद गेला. मोटार ताडपत्रीखाली होती. मी कामशेतला रेल्वेनं जात होतो आणि पुढे पूर्वीसारखाच चालत होतो. रोगी विचारत, "डागदर, गाडी झाली म्हनं?" मी म्हणे, "झाली." यापलीकडे बोलायला दम उरत नसे.

आश्विनात मोहोळकर आंबीला जागेवर तपासणी करायला आले. मी, मिस्त्री आणि ते, असे आम्ही तिघे धोंडाबाईंच्या माजघरात शिरलो. जुना ब्लॉक त्याच ओट्यावर, तसाच मातीनं लिंपून उभा होता. पेरण्या झाल्या होत्या, आता त्यात रब्बीचं बियाणं होतं. वाल, कुळीथ, मसूर आणि हरभरा.

"वाहन कुठे आहे?" मोहोळकरांनी विचारलं.

"कसलं वाहन?" धोंडाबाई म्हणाल्या. "बियानं हाय."

मोहोळकरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. नंबर ब्लॉकच्या भिंतीकडच्या अंगाला, खाली होता. ते कोटासकट शेणाच्या जमिनीवर आडवे झाले. मिस्त्रीनं बॅटरी धरली. त्यांनी एक नंबर वाचला. मिस्त्री म्हणाला, तो तसा नाही. त्यांनी दुसरा वाचला. माझ्या मोटारीच्या नोंदणीच्या पुस्तकात तिसराच होता. शेवटी ते उठले आणि ठोकळा उजेडात आणावा असं त्यांनी फर्मावलं.

"भरल्याला हाय, सायब," धोंडाबाई म्हणाल्या. "आधी काडू द्या."

"सरकारी वेळ जातो आहे," मोहोळकर म्हणाले, आणि त्यांनी स्वतः एका बाजूनं हात घातला. दुसऱ्या बाजूनं मी घातला. का घातला ते विचारू नका; सरकारनं ओझं उचललं की मध्यमवर्गाचा हात आपोआप पुढे होतो. ठोकळा उचलला गेला, आणि त्याच क्षणी आम्हाला तिघांना एकदम आठवलं, की त्याला तळ नाही.

वाल, कुळीथ, मसूर आणि हरभरा यांचा माजघरभर एक ढीग झाला.

धोंडाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चार सुपं आणली आणि आमच्यासमोर ठेवली. एक सरकारी इन्स्पेक्टर, एक डॉक्टर आणि एक मिस्त्री ओसरीवर मांडी घालून धान्य निवडायला बसले. आंबीतली बरीच माणसं त्या दिवशी त्या रस्त्यानं गेली. त्यातली काही दोनदा गेली. एक म्हातारी थांबून धोंडाबाईंना म्हणाली, "रोजानं लावलंस का काय?"

तासाभरानं धोंडाबाईंनी मोहोळकरांचं सूप हातात घेतलं, जरा हलवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हरभरा आणि वाल ठीक होते. पण कुळीथात निम्मी मसूर होती आणि मसुरीत निम्मा कुळीथ.

"सायबाला जवळचं दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. पाऊस थांबला असं सांगावं तसं म्हणाल्या.

 मोहोळकरांचे कान लाल झाले. आणि मला, चार महिने पत्रांची उत्तरं देत बसलेल्या माणसाला, तेव्हा कुठे उजेड पडला. रोग्याला दारातून आत येताना बघून निदान करणारा मी, हा माणूस माझ्या दारात वही हातभर लांब धरून लिहीत होता ते बघूनही आंधळा राहिलो होतो.

मी त्यांना चार पावलं बाजूला, गोठ्याकडे घेऊन गेलो. "हे चाळिशीनंतर सगळ्यांचंच होतं," मी म्हणालो. "साधा चष्मा लागेल. बाकी डोळे उत्तम आहेत."

ते म्हशीकडे बघू लागले. "पेन्शनला चार वर्षं आहेत," मग म्हणाले. "मोतीबिंदू असेल असं वाटलं होतं. आमच्या वडिलांना होता. तपासायला जायचा धीर झाला नाही. डोळे गेले म्हटल्यावर कचेरी कशाला ठेवील?" त्यांनी विचारलं, "तुम्ही लिहिणार का कचेरीला?"

चार महिन्यांत या माणसाला काय काय लिहायचं याची मी मनात बरीच तयारी केली होती. त्यातलं एक वाक्य आठवेना. "मोतीबिंदू नाही," मी म्हणालो. "आणि लिहायला मला वेळ नाही."

मिस्त्रीनं काही न विचारता खिशातला तारेचा चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला. मोहोळकरांनी तो लावला, ओसरीवर आणलेल्या ब्लॉकपाशी वाकले आणि नंबर वाचला. माझ्या पुस्तकातला आकडा न् आकडा. मग त्यांनी वही उघडली आणि मागच्या पानांवरचं स्वतःचं लिहिणं वाचलं. तीन आणि आठ यांचा त्यांनी वर्षभर जो काला केला होता तो त्यांना तिथे दिसला असावा, कारण ते पुन्हा खाली बसले आणि चष्मा लावून उरलेली सगळी मसूर त्यांनी एकट्यानं निवडली. धोंडाबाईंनी त्यांना ताक दिलं. या वेळी त्यांनी नाकारलं नाही.

लोणावळ्याला येऊन त्यांनी नव्या ब्लॉकचा नंबर वाचला, आणि दिवाळीनंतर माझं पुस्तक आलं. सही, शिक्का आणि कुपनं. पुस्तक हातात घेऊन मला आनंद व्हायला हवा होता. मला झोप आली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी आठच्या गाडीनं नथू आला. आंदर मावळातल्या पार टोकाच्या गावचा, पायांत काही नाही, खांद्यावर घोंगडी. रात्रीच तो निघाला होता. बायकोला कालपासून कळा येत होत्या, मूल अडलं होतं, सुईण सरुबाई म्हणत होती की पाय खाली आहेत. मी बॅग घेतली, ताडपत्री ओढली, हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.

कामशेतपर्यंत आम्ही भरधाव गेलो. पुढे रस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. नथू पहिल्यांदाच मोटारीत बसला होता. दोन्ही हातांनी दार धरून होता. एका जागी मी खड्डे चुकवत अगदी हळू झालो तेव्हा तो खाली उतरला आणि चालायला लागला. मोटारीपुढे चालत होता, दगड बाजूला करत होता, आणि मी मागे पडलो की थांबून वाट बघत होता. मला राग आला नाही. राग यायला लागणारी शक्ती मी वाचवून ठेवली होती. ओढ्यापाशी चाकोरीही संपली. तिथे मोटार ठेवून आम्ही पाऊण तास चढलो आणि साडेबाराला झोपडीत पोचलो.

पुढचं कामाचं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सरुबाईंनी सगळं बरोबर सांभाळलं होतं. मूल फिरवता आलं नाही, पायांनीच काढावं लागलं. दोनच्या सुमाराला मुलगी झाली. आधी निळी, मग लाल, मग रडली. आई विचारत होती, "रडली नव्हं?" आणि नथू दाराशी उभा राहून तिला सांगत होता, "रडती हाय, रडती हाय."

मी बाहेर दगडावर बसलो. सरुबाईंनी गुळाचा चहा आणला आणि माझ्या शेजारीच टेकल्या. "तासभर उशीर झाला असता तर," त्या म्हणाल्या आणि चहा माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "गाडी आनलीत ते बरं केलं. पर आता तुमचं काय खरं न्हाई, डागदर."

त्याचा अर्थ ओढ्यापाशी उतरल्यावर कळला. मोटारीच्या सावलीला अकरा माणसं बसली होती. इंजिनाचा आवाज खोऱ्यात घुमला होता आणि ऐकू आला तिथून माणसं उठून आली होती. एकाच्या पायाला गळू, एका बाईचं पोर खोकत होतं, एकाला पाठीवर बसवून आणलं होतं. त्यांतल्या तीन गावांची नावं मी कधी ऐकली नव्हती. मी बॅग मोटारीच्या पायरीवर ठेवली आणि उघडली. शेवटचा माणूस झाला तेव्हा ऊन डोंगरावर चढलं होतं आणि आयोडीन संपलं होतं.

सगळे निघाले, फक्त पाठीवरून आणलेला म्हातारा बसून राहिला. "आता परत कधी?" त्यानं विचारलं.

बाकीचेही वाटेवर थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं, चाकोऱ्यांकडे पाहिलं, हातातल्या हँडलकडे पाहिलं. पाठ दुखत होती. घरी कमळाला मी सांगून आलो होतो की आता जरा विसावा मिळेल.

"सोमवारी," मी म्हणालो. "आणि आयोडीन जास्त आणीन."

म्हातारा समाधानानं पुन्हा आपल्या माणसाच्या पाठीवर चढला. मी हँडल मारलं, आणि ब्लॉक पहिल्याच झटक्याला बोलला.